सगळ्यात खालचं घर कुणाचं?

मॅडम कुठल्याही गावात गेल्या की आधी ग्रामपंचायतीत जायच्या नाहीत. हार घेऊन उभे असलेले सरपंच, मागे ताटकळलेले सदस्य, खुर्च्या पुसणारा शिपाई या सगळ्यांना ओलांडून त्या रस्त्यावर दिसेल त्या माणसाला विचारायच्या, "या गावातलं सगळ्यात खालचं घर कुणाचं?"

आपल्याकडे 'खालचं' हा शब्द काही साधा नाही. पलूसकडच्या एका गावात कट्ट्यावर बसलेला एक म्हातारा ताडकन उठला होता. "कुनाला खालचं म्हंता, बाई?"

"जातीनं नाही हो," मॅडम म्हणाल्या. "पाण्यानं. पूर आला की आधी कुणाच्या दारात येतो?"

म्हाताऱ्यानं जरा विचार केला आणि तो परत खाली बसला. "मग दोनी एकच की," म्हणाला.

मॅडमना ते वाक्य इतकं लागलं की जीपमध्ये त्या परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलल्या नाहीत. ही फार दुर्मीळ गोष्ट होती. एरवी त्या झोपेतसुद्धा बोलत. पुढच्या सीटवर ताठ बसून झोपायच्या आणि डोळे मिटलेले असतानाच ड्रायव्हरला "गिअर बदल" म्हणायच्या.

मी तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका लहानशा संस्थेत कामाला होते. नदीकाठच्या प्रत्येक गावाला पुराच्या धोक्याचे गुण द्यायचे, असं ते काम होतं. गावापासून नदी किती लांब, गावठाण किती उंच, याआधी पाणी कुठवर चढलं होतं, बाहेर पडायला रस्ता कुठला, दवाखाना कुठं, असं सगळं विचारायचं, गुण मांडायचे, बेरीज करायची आणि गावाला एक रंग द्यायचा. जास्त धोका तो लाल, मधला पिवळा, कमी तो हिरवा. पावसाळ्यात बोटी आणि माणसं कुठं आधी पाठवायची हे त्या रंगांवरून ठरणार होतं. गुण कसे द्यायचे ते मॅडमनी ठरवलेलं होतं. आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, वाईला एकट्या राहत होत्या आणि आमच्याकडे सल्लागार म्हणून येत होत्या. सोमवारी सकाळी वाईहून एस.टी.नं सातारा, तिथून सांगली. शनिवारी परत. आखूड कापलेले पांढरे केस, सुती साडी आणि तिच्याखाली पुरुषांचे काळे गमबूट. उन्हाळ्यातसुद्धा.

सांगलीत बसून त्या वाईच्या हळदीची तारीफ करायच्या. सांगलीत! जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की आमच्या आमटीकडे बघून, "रंग आहे, पण वास कुठंय?" ऑफिसातला हिशेबनीस हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरचा होता. तो एकदा जेवण अर्धं टाकून उठून गेला. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून दिली. माफी मागणं त्यांना जमायचं नाही. त्याऐवजी त्या लोणचं द्यायच्या. आम्ही सगळ्यांनी त्या वर्षात पुष्कळ लोणचं खाल्लं.

लिंबांची आणखी एक गोष्ट आहे. रस्ता नुसत्या डोळ्यांना सपाट दिसतो, पण पाण्याला तो सपाट नसतो, असं त्या म्हणायच्या. उतार कुठल्या अंगाला आहे हे बघायला त्या आधी तांब्याभर पाणी ओतून बघत. पण एप्रिल-मे महिन्यात, टँकरची वाट बघणाऱ्या बायकांसमोर रस्त्यावर पाणी ओतणं त्यांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी लिंबं आणायला सांगितली. गोल गोल निवडून. "घरंगळतं आणि नंतर सरबतही होतं."

आम्ही एका गावात गेलो, अमावास्या होती हे आमच्या लक्षात नव्हतं, आणि मॅडम तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, उकिडव्या बसून लिंबू सोडायला लागल्या. लिंबू घरंगळत एका दारासमोर जाऊन थांबलं. मॅडम आनंदानं ओरडल्या, "हेच! हेच घर!" आतून बाई किंचाळत बाहेर आली. पाच मिनिटांत निम्मा गाव जमला. करणी करणारी बाई सापडली म्हणून दोघं-तिघं जीपच्या आडवे उभे राहिले. मी घाबरून गेले होते. मॅडम मात्र त्या घरातल्या बाईला समजावत होत्या, "अगं, तुझ्यावर कुणी काही केलेलं नाही. तुझ्या दारात पाणी येणार आहे, एवढंच." यानं प्रकरण मिटलं नाही, हे सांगायला नको. शेवटी शाळेतल्या गुरुजींनी मध्ये पडून आम्हाला सोडवलं. पुढच्या गावापासून मी लिंबाऐवजी मुलांचा रबरी चेंडू घेतला. मॅडम म्हणाल्या, "चेंडूचं सरबत होत नाही," आणि दिवसभर फुरंगटून बसल्या.

पाण्याच्या उंचीबाबत त्या कमालीच्या काटेकोर होत्या. "कमरंएवढं पानी आलतं" असं कुणी म्हटलं की लगेच, "कुणाच्या कमरेएवढं? तुमच्या की तुमच्या बायकोच्या?" मग त्या माणसाला भिंतीशी उभं करायच्या, त्याच्या बायकोलाही बोलवायच्या, आणि दोघांचं भांडण लावून मधूनच खडूची रेघ मारायच्या. 'साधारण', 'अंदाजे' हे शब्द माझ्या तोंडून निघाले की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. पाणी जिथवर आलं तिथवरच आलं म्हणायचं. एक बोट वर नाही, एक बोट खाली नाही.

एवढं करूनही त्या रंगांवर त्यांचा पुरा विश्वास नव्हता. मी एकदा वैतागून विचारलं, "मग कशाला करतोय आपण हे?"

"कारण रंग नसला तर ज्या गावाचा आवाज मोठा त्याला बोट मिळते," त्या म्हणाल्या. "रंगामुळे निदान मुक्या गावाचाही नंबर लागतो. पण गाव कधी बुडत नाही गं. घरं बुडतात. काही बुडतात, काही राहतात. आपण सगळ्यांची बेरीज करून एकच रंग फासतो."

पहिल्या वर्षी रंग जाहीर झाले आणि उन्हाळ्यात आम्ही एका हिरव्या गावात गेलो. गावठाण चांगलं उंचावर होतं. नदीही लांब. फक्त मागच्या अंगाला एक ओढा होता आणि ओढ्याच्या कडेला दहा-पंधरा घरांची वस्ती. कृष्णा फुगली की तिचं पाणी अशा ओढ्यातून उलटं मागे चढतं. पण वस्ती लहान आणि गाव मोठं, त्यामुळे बेरजेत ती कुठं दिसली नव्हती. गावच्या वेशीवर नवा कोरा बोर्ड होता. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, 'पूरमुक्त गावात आपले स्वागत आहे'.

मॅडमनी जीप थांबवली. खाली उतरल्या. बोर्डाभोवती एक फेरी मारली.

सरपंच अण्णा हे जैन घरातले, द्राक्षबागाईतदार, मऊ बोलणारे. मॅडम त्यांच्यावर तुटून पडल्या. "पूरमुक्त कुणी सांगितलं तुम्हाला? कमी धोका म्हणजे धोका नाही, असं कुठं लिहिलंय?"

अण्णा हात जोडून म्हणाले, "आवं मॅडम, रंग तुमीच दिला न्हवं? आमी निस्ता बोर्ड रंगिवला."

अण्णांचं खोटं नव्हतं. बोर्ड लागल्यापासून सांगलीची माणसं गावात प्लॉट बघायला येत होती, गावाला जरा भाव आला होता. तो बोर्ड काढायला अण्णा तयार होईनात. मॅडम उठून सरळ खालच्या वस्तीवर गेल्या.

तिथलं सगळ्यात खालचं घर हमीदाचाचीचं होतं. चाची विधवा, पन्नाशीची, गाद्या भरायचं काम करायची. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि कोपऱ्यात खाटेवर अंथरुणाला खिळलेली सासू. आधी मशीन उंच ओट्यावर होतं. गाव हिरवं झाल्याचं कळल्यावर चाचीनं ते खाली घेतलं होतं. "वर चढून चढून गुडघं गेलं, मॅडम. आता काय भ्या न्हाई म्हनल्यावर घेटलं खाली."

मॅडमनी चहा घेतला, पण त्यांना तो गोड लागला नसावा. परत आल्यावर त्यांनी आमच्या साहेबांकडे एकच मागणी लावून धरली. प्रत्येक रंगाखाली एक ओळ छापा, की हा रंग गावाचा आहे, घराचा नाही. साहेब म्हणाले, लोक गोंधळतील. मॅडम म्हणाल्या, "गोंधळू देत. गोंधळलेला माणूस निदान चौकशी करतो." ओळ काही छापली गेली नाही.

त्या पावसाळ्यात धरणांतून पाणी सुटलं आणि नदी चढायला लागली. बोटी लाल गावांकडे रवाना झाल्या, आणि ते योग्यच होतं. मॅडम वाईला होत्या. सकाळी त्यांचा फोन आला. "मी निघाले. तू जीप काढून ठेव."

"मॅडम, रस्ते बंद होतायत. तुम्ही येऊ नका."

"मी विचारत नाहीये, सांगतेय."

कशा आल्या देव जाणे. दुपारी भिजलेल्या गमबुटांनी ऑफिसात शिरल्या आणि आम्ही तडक त्या हिरव्या गावात गेलो. मोठ्या धारांचा पाऊस होता. ओढ्याचं पाणी वाहायचं थांबलं होतं. नुसतं उभं राहून फुगत होतं. मॅडमनी काठाला एक काटकी रोवली. तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. काटकी हळूहळू पाण्यात गेली.

वस्तीवरचं कुणी हलायला तयार नव्हतं. चाची तर दारात हात आडवे लावून उभी राहिली. "आमी हिरव्यात हाय, मॅडम. तुमीच सांगिटलंय. आता ह्या पावसात म्हातारीला कुटं न्हेऊ? कापूस कुटं न्हेऊ?"

"हमीदा, रंग माझा आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तो मी गावाला दिलाय. तुझ्या घराला दिलेला नाही."

"मग आमच्या घराला कंचा?"

"तुझ्या घराचा रंग ठरवायला कुणी बसलेलं नाही. म्हणून तर मी आले."

चाचीनं दारावरचे हात खाली घेतले.

अण्णांना फोन केला. ते आधी का-कू करायला लागले. पूरमुक्त गावातनं माणसं हलवायची म्हणजे बोर्डाची शोभाच. पण शेवटी स्वतःच ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आले. जैन मंदिराजवळचं मंगल कार्यालय त्यांनी उघडून दिलं. चाचीच्या सासूला खाटेसकट उचलून ट्रॉलीत ठेवलं, वर ताडपत्री धरली. म्हातारी ताडपत्री बाजूला सारून दोन्ही बाजूंची घरं बघत होती. "लय वर्सांनी गाव बगितलं," म्हणाली. "ह्यांनी माडी कवा बांदली?" सगळी चिंता बाजूला राहून माणसं हसली.

कापसाच्या गठ्ठ्यांना मात्र ताडपत्री पुरली नाही. उलट वाऱ्यानं होती तीही उडवली. कार्यालयात पोचेपर्यंत चाचीचा सगळा कापूस चिंब झाला.

आणि पाणी आलं नाही. ओढा चाचीच्या पायरीला लागला, तिथं थबकला, आणि तिसऱ्या दिवशी उतरायला लागला. वस्तीतल्या एकाही घरात पाण्याचा थेंब गेला नाही.

घरी परतल्यावर लोक जे बोलले ते बोलू नये असं होतं. रोजगार बुडाला होता, कोंबड्या हरवल्या होत्या. चाची त्यांत नव्हती. कोरड्या ठणठणीत खोलीत ओल्या कापसाचा ढीग टाकून ती त्याच्याकडे पाहत बसली. ते बघवत नव्हतं. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्याजवळ त्या दिवशी लोणचंही नव्हतं.

"मॅडम, घरात ऱ्हायलो आस्तो तर कापूस वाचला आस्ता," चाची शेवटी म्हणाली.

"हो," मॅडम म्हणाल्या. "वाचला असता."

"मग?"

"मग काही नाही. परत तसंच पाणी चढलं तर मी परत येईन. तू परत शिव्या घाल."

त्यानंतर बरेच दिवस मॅडम सांगलीला आल्या नाहीत, त्या गावातच राहिल्या. ऊन पडलं की पत्र्यावर, कार्यालयाच्या गच्चीवर, अण्णांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये, जिथं जागा मिळेल तिथं चाचीसोबत कापूस पसरायच्या. त्यांना ते काम अजिबात येत नव्हतं. चाची दिवसभर ओरडायची, "आवं, आसं न्हवं! पिळू नगा, झटका!" आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडत आलेल्या मॅडम मुकाट्यानं कापूस झटकायच्या. केसांत, भुवयांत, गमबुटांत कापूस. वस्तीच्या बायका आधी लांबून बघत होत्या, मग त्याही आल्या. बराचसा कापूस वाळला. त्यातल्या खराब कापसाची एक गादी झाली, विकायच्या लायकीची नसलेली, गुठळ्यांनी भरलेली. मॅडमनी ती हट्टानं वाईला नेली. पाठीला गुठळ्या बऱ्या असतात म्हणे.

ऑफिसात त्यांना जाब विचारला गेला. हिरव्या गावात माणसं का हलवली, पाणी तर आलंच नाही. "आलं असतं तर तुम्ही विचारलंच नसतं," एवढंच त्या म्हणाल्या. वर्ष संपल्यावर त्यांना पुन्हा बोलावलं नाही. त्यांनी जाताना सगळ्यांना एकेक बरणी दिली. साहेबांना दोन.

पण चाचीचं आणि त्यांचं फोनवर भांडण चालूच राहिलं. मशीन परत ओट्यावर चढवलं का, सासूला कोण उचलणार, अण्णांनी बोर्ड काढला का. अण्णांनी काढला नाही, पण त्यावरचा 'पूरमुक्त' शब्द कुणीतरी रंगानं झाकला. कुणी ते अण्णा सांगत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात वाईहून मॅडमच्या शेजाऱ्यांचा मला फोन आला. मॅडमचं घर घाटाच्या अंगाच्या गल्लीत, खाली दोन खोल्या, वर एक. नदी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागली होती, गल्ली रिकामी होत होती आणि मॅडम हलायला तयार नव्हत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना धड चालताही येत नव्हतं. मी तेव्हा साताऱ्यात नोकरीला होते. मिळेल त्या गाडीनं गेले.

मॅडम वरच्या खोलीत त्या गुठळ्यांच्या गादीवर बसून खिडकीतून नदी बघत होत्या. "तू कशाला आलीस? परीक्षा घ्यायला?"

"मॅडम, चला. सगळी गल्ली गेली."

"मी ही नदी लहानपणापासून बघतेय. आणि सगळी वाई काय बुडत नाही. गावाचा विचार केला तर धोका मधला आहे. पिवळा धर हवं तर."

ही बाई स्वतःच्याच रंगाच्या आडोशाला जाऊन बसली होती. खाली शेजारची दोन माणसं खुर्ची घेऊन ताटकळली होती. मी समजावलं, रागावले, हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला. त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच भीती दिसली. पाण्याची नव्हती ती. दोन माणसांनी आपल्याला उचलून न्यावं आणि गल्लीनं ते बघावं, याची होती.

मी चाचीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मॅडम, उटा," चाची म्हणाली. सलाम नाही, दुआ नाही.

"हमीदा, इथं वरती पाणी येणार नाही. मला कळतं."

"तुमाला कळतंय, म्हनूनच उटा. माजी सासू खाटंवरनं गेली, तिची काय इज्जत ग्येली व्हय? उलट गाव बगून आली. तुमी बी बगा वाई. उटा म्हन्ते."

मॅडमनी हात लांबवून खिडकी लावली. मग मला म्हणाल्या, "माझे बूट दे."

खुर्चीतून जाताना त्या दोघा माणसांना पायऱ्या कशा उतरायच्या हे शिकवत होत्या. वरच्या आळीत ओळखीच्यांच्या ओसरीवर त्यांना बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, गल्लीतलं आणखी कोण राहिलंय, कोपऱ्यावरच्या आंधळ्या गुरुजींना आणलं का. आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरायला लागलं तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन आले. पाणी उंबऱ्याबाहेर राहिलं होतं. खालच्या खोल्या कोरड्या, चूल कोरडी, दारातली रांगोळीची डबीसुद्धा जागची हलली नव्हती. मी तसं येऊन सांगितलं. मॅडमनी नुसतं हं केलं. मी वाट बघत होते, आता ऐकवतील म्हणून. त्यांनी काही ऐकवलं नाही.

तेवढ्यात चाचीचा फोन आला.

"मॅडम, आलं का वो पानी घरात?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड दुसरीकडे वळवलं.

"आलं की," त्या म्हणाल्या. "चांगलं कमरेएवढं."

"या अल्ला! बरं झालं उटलासा."

"हो बाई," मॅडम म्हणाल्या. "तू होतीस म्हणून."